केवड्यावर फवारणी हा इलाज नव्हे
आपल्या रविवारच्या अंकातील 'भेंडीवरील केवडा आणि फवारणी' हा लेख वाचला. त्यातले निदान बरोबर, फवारणीचा इलाज मात्र अर्धवट. केवडा हा विषाणूजन्य रोग; फवारा मारून मरते ती तो पसरवणारी पांढरी माशी. एकदा पानाच्या शिरा हळदीसारख्या पिवळ्या पडल्या, की ते झाड बरे करणारे औषध नाही. राऊजवळच्या आमच्या मळ्यात गेल्या पावसाळ्यात चार फवारण्या झाल्या, तरी तोडणीला आल्या त्या पांढुरक्या, निबर शेंगा. मंडीत त्या कोण घेणार?

खरा प्रश्न वाणाचा आहे. 'पुसा सावनी' ही भेंडीची जात एके काळी केवड्याला दाद देत नसे. पुढे तीच बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या रानटी नातलगाशी तिचा संकर करून 'परभणी क्रांती' काढली. आता तीही अनेक ठिकाणी रोगाला बळी पडते. विषाणू बदलत राहतो, म्हणून पैदाशीचे काम सतत चालू ठेवावे लागते. त्यावर लेखात एक ओळही नसावी?

आपल्या भागात कोणता वाण अजून तग धरतो, हे बियाणे घेण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच छापाल तर फार बरे होईल.

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर