मित्रास पत्र: वारशाच्या जागा आणि सरकारचा पैसा

सॅन होजे,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास यास सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. चिरंजीवांच्या प्रवेशाची तू आपुलकीने चौकशी केलीस आणि शेवटी लिहिलेस की, बाप ज्या विद्यापीठात शिकला तिथे मुलाला थोडे झुकते माप, म्हणजे इकडची 'वारशाची सवलत', मिळाले तर बिघडले काय. संस्था खासगी आहे, कुणाला घ्यायचे ते तिचे ती ठरवील. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. आज म्हणवत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मुलगा अर्ज भरत होता. त्यात आईवडिलांच्या शिक्षणाचा एक भाग असतो: पदवी कोणती, कोणत्या संस्थेची, कोणत्या सालची. माझ्या विद्यापीठाची पहिली चार अक्षरे टाकताच पूर्ण नाव रकान्यात येऊन बसले. त्याची एक वर्गमैत्रीणही शेजारी बसून तोच अर्ज भरत होती. तिची आई रात्री कार्यालयांची साफसफाई करते. तिने त्या जागी शाळा अपुरी राहिल्याचा पर्याय निवडला आणि ती पुढच्या पानावर गेली. गणितात दोघेही तोडीस तोड आहेत. माझ्या जुन्या पदवीचे वजन कुणाच्या पारड्यात पडणार, हे मला तेव्हा प्रथमच इतक्या जवळून दिसले.

हे वजन किती, याचा अंदाज वंश पाहून प्रवेश देण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांवरून येतो. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना तिथे प्रवेश मिळत होता. इतर अर्जदारांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. या मुलांची तयारी मुळातच चांगली असते, त्यामुळे सगळा फरक वारशाचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र २०२३ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षेत सारखे गुण मिळवणाऱ्या मुलांची तुलना केली, तेव्हाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुलांना अशा नामवंत विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आढळली, आणि त्यामागे वारशाची सवलत हे एक मोठे कारण होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. बापाच्या पदवीचा विचार करण्याची मुभा मात्र तशीच राहिली.

आता तुझ्या 'खासगी' या शब्दाकडे वळतो. तू आयुष्यभर अनुदानित महाविद्यालयात शिकवलेस. प्राध्यापकांचे पगार सरकार देते, तेव्हा प्रवेशाला आणि नेमणुकांना सरकारचे नियम लागणारच, हे तूच मला समजावले होतेस. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ मध्येही राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या संस्थेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू नये, असे बंधन आहे. अनुदानित आणि विनाअनुदानित हा भेद आपल्याकडे शिपायालाही ठाऊक असतो. इकडे रोजच्या बोलण्यात तो नाहीच. ज्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळा संघराज्य सरकारच्या संशोधन निधीवर चालतात, ज्याला करमाफी आहे आणि ज्याच्या देणगीदारांना करात सूट मिळते, तेही स्वतःला निव्वळ खासगी म्हणवते. देणगीदाराच्या करातील सूट म्हणजे त्या देणगीतला काही वाटा सरकारी तिजोरीनेच उचलणे होय. त्या तिजोरीत साफसफाई करणाऱ्या बाईच्या पगारातून कापलेला करही जातो. म्हणून सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेला वारशाची सवलत ठेवू देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

अडचण आहे ती दोरी कुठे बांधायची, म्हणजे ही अट कोणत्या सरकारी मदतीला जोडायची, याची. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याची मदत घेणाऱ्या खासगी विद्यापीठांतही वारसा आणि देणगी पाहून प्रवेश देण्यास बंदी घालणारा कायदा केला. तो गेल्या महिन्यात लागू झाला, पण त्यात दंड नाही. मोडणाऱ्या संस्थेचे नाव राज्याच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावर झळकते, इतकेच. स्टॅनफर्डने तर वारशाचा विचार चालूच ठेवण्याचे ठरवले आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी राज्य देत असलेली 'कॅल ग्रँट' ही मदत घेणे सोडून ती रक्कम स्वतःच्या निधीतून देण्याचे जाहीर केले. सुमारे ३७ अब्ज डॉलरची गंगाजळी असलेल्या संस्थेला ते काय जड? ग्रोव्ह सिटी या छोट्या महाविद्यालयाची गोष्टही अशीच आहे. विद्यार्थ्यांच्या हातून येणारी मदत हीसुद्धा सरकारी मदतच, असे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला ठणकावले, तेव्हा पुढे त्याने ती मदत घेणेच थांबवले. यावरून मला वाटते की, अट विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला जोडण्यात अर्थ नाही. ती करमाफीला जोडावी, कारण करमाफी कुणी सहजासहजी सोडणार नाही.

अट जोडण्यासाठी संशोधन निधीचे नाव मी मुद्दामच घेत नाही. एप्रिलमध्ये सरकारने हार्वर्डचा दोन अब्ज डॉलरहून अधिक निधी रोखला आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. दरम्यान ज्यांचे प्रयोग थांबले, त्यांचा प्रवेशाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून अट कायदेमंडळाने लेखी घातलेली, एकच आणि सर्वांना सारखी असावी. कुणा सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर ती सोडू नये.

वारसा बंद केला तर देणग्या आटतील, असा धाक घातला जातो. जॉन्स हॉपकिन्सने ही सवलत २०१४ पासून बंद केली. २००९ साली तिथे नव्या विद्यार्थ्यांत माजी विद्यार्थ्यांची मुले १२.५ टक्के होती, ती २०१९ पर्यंत ३.५ टक्क्यांवर आली, आणि विद्यापीठ आजही भक्कम उभे आहे. मॅसॅच्युसेट्सची एमआयटी तर असा विचार करतच नाही.

आपल्यासारख्या स्थलांतरितांची पहिली पिढी आत्ता कुठे माजी विद्यार्थी झाली आहे, आणि नेमकी आपल्या मुलांची पाळी आल्यावर दार बंद होते, असे इथले काही मराठी स्नेही कळवळून म्हणतात. त्यांचे दुःख मला कळते. पण १९२० च्या दशकात ही सवलत रुजली ती ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या रोखण्यासाठी, म्हणजे आपल्याच सारख्या नव्याने आलेल्या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी. त्या रांगेत आपण आता पुढे सरकलो, म्हणून ती रांग न्याय्य कशी ठरेल?

तुला एक विचारायचे आहे. तुमच्या महाविद्यालयाचे अनुदान नियमभंगावरून एकदा अडकले होते, तेव्हा त्याची झळ संस्थाचालकांना अधिक लागली, की मुलांना आणि पगार थकलेल्या शिक्षकांना? माझे करमाफीचे म्हणणे टिकते की नाही, हे तुझ्या उत्तरावरून मला ठरवता येईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव