मनू, आधी सूप कर

रेज्जो एमिलिया,
मंगळवार रात्र

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तुझा आवाज पार बसला होता. "काही नाही हो बाबा, जराशी कणकण आहे" म्हणालीस आणि लगेच आईला चंदूकाकाच्या कागदपत्रांचं विचारायला लागलीस. विषय बदलायची ही खोड कुणाची ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. ताप मोजलास का? तेवढं सांग, मग मी गप्प बसतो.

तू बिस्किटं आणि चहावर दिवस काढते आहेस हे आईनं बरोबर काढून घेतलं. म्हणून सूपचं लिहून पाठवतोय. आईची सक्त ताकीद आहे, फक्त सूपचं लिहा.

कोंबडी आख्खी आणू नकोस, एकटीला संपणार नाही. पंख आणि तंगड्या मिळून किलोभर पुरे. छातीचे तुकडे नकोत, ते कोरडे पडतात आणि रसात काही उतरत नाही. 'गल्लीना', म्हणजे जून कोंबडी, मिळाली तर सोडू नकोस. ती शिजायला तीन तास खाते, पण चव तिचीच. सगळं थंड पाण्यातच घालायचं, तीन लिटर तरी. एक गाजर, सेलरीची एक दांडी, अर्धा कांदा. वर करडा फेस येईल तो चमच्यानं काढत राहा. खळखळ उकळू द्यायचं नाही, चरबी रसात मिसळते आणि रस गढूळ होतो. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, बस्स. मीठ शेवटी घाल, रस आटला की खारटपणा वाढतो.

तुला ओट्याशी उभं राहवत नसेल, कळतं मला. भांडं चढव आणि आडवी हो. पण गॅस चालू ठेवून झोपू नकोस, गजर लाव. घरात कुणी आहे का? ती लेच्चे गावची मुलगी आली का परत?

नाताळात दिलेल्या पार्मेजानो चीजची साल फ्रीजमध्ये असेल. नसेल तर फेकलीस, आणि मला ते कळायला नको. वरून सुरीनं खरवड, धू आणि रसात टाक. त्यात मेणबिण काही नसतं, वाळलेलं चीजच ते. आमच्या गोदामात या चीजची 40 किलोची चाकं निदान 12 महिने फळ्यांवर बसतात, मग हातोडीनं ठोकून पारखणारे येतात. लहानपणी तू सालीवरची ठिपक्यांची अक्षरं बोटानं गिरवायचीस, आणि आईनं सुरी लावली की भोकाड. शिजून मऊ झालेल्या तुकड्यासाठी दादाशी मारामारी व्हायची ती वेगळीच. तो अजून म्हणतो, मोठा तुकडा नेहमी तुलाच मिळायचा. मिळायचाच.

पास्ता स्तेल्लीने घे, त्या बारीक चांदण्या. एका वाडग्यापुरता रस वेगळा उकळ, त्यात तीन चमचे पास्ता, पाकिटावर लिहिली असतील तेवढीच मिनिटं. सगळ्या पातेल्यात ओतलास तर सकाळी रस नावाला उरणार नाही. उरलेला रस गार झाला की लगेच फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपव. दुसऱ्या दिवशी तो जेलीसारखा थरथरला तर जमला म्हणायचं.

आणि ताप 39 सेल्सियसच्या वर असेल तर सूपबिप राहू दे, डॉक्टर गाठ. तोरिनोला गेल्यापासून सांगतोय, तिथला मेदिको दी बाझे, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टर, करून घे, शिकायला आलेल्यांना तात्पुरता मिळतो. एक अर्ज भरायचा असतो! पॉलिटेक्निकोत जाणाऱ्या मुलीला एक अर्ज भरता येत नाही? रात्री डॉक्टर लागला तर 116117 ला फोन कर. श्वास लागला तर सरळ तातडीचा 112, आम्हाला विचारत बसू नकोस. ताकिपिरिनाच्या, त्या तापाच्या औषधाच्या, दोन गोळ्यांमध्ये अंतर ठेव.

झालं, सुरू झालो. माफ कर. आईनं हा परिच्छेद वाचला तर खोडेल.

तुला न्यूमोनिया झाला तेव्हाही तू "ठीक आहे" हेच म्हणत होतीस. ओठ सुकून पांढरे, आणि ठीक आहे. चौथ्या सकाळी हॉस्पिटलातली बाई पास्तिनाचा, असल्याच बारीक पास्त्याच्या सूपचा, वाडगा घेऊन आली, तर तू चमचा तिच्या हातातून ओढून घेतलास आणि आई बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. म्हणून विचारतो ग, दुसरं काही नाही.

सोमवारची परीक्षा जमली नाही तर पुढच्या अपेल्लोला, म्हणजे परीक्षेच्या पुढच्या तारखेला, दे. हे मी म्हणतोय, जपून ठेव हे पत्र. गोदामात सगळ्यांना तुझे मार्क पाठ आहेत, तीसपैकी तीस. एखादा अपेल्लो हुकला तर कुणी मला चाकाखाली घालणार नाही.

शनिवारी मला सुट्टी आहे आणि इथून तोरिनोची थेट गाडी आहे. ये म्हणालीस तर येतो. आईला अजून बोललो नाही. तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का ते कळव, नाहीतर आपलं पाच लिटरचं घेऊन निघतो.

तुझा,
बाबा

ता. क. ताप किती आहे ते आकड्यात कळव. "बरा आहे" चालणार नाही.