मला दोन मतं आणि माझ्या भावाला एक, हे कशासाठी?

संपादक महोदय,

विधान परिषद, म्हणजे राज्याचं वरचं सभागृह, पाहिजे की नको यावर अधूनमधून वाचकांची पत्रं येतात, बहुतेकांचं म्हणणं एकच की पडलेल्या आणि तिकीट कापलेल्या पुढाऱ्यांची सोय लावायची जागा आहे ती, बंद करा. मला ते अर्धंच पटतं. का ते सांगतो, पत्र जरा लांबेल, कापायचं तर मधलं कुठलंही कापा पण भावाचं तेवढं ठेवा.

मी परळचा, बी.कॉम., बँकेतून रिटायर झालेला. धाकटा भाऊ दहावीनंतर आयटीआय करून लेथवर लागला, आज साकीनाक्याला त्याचा छोटा गाळा आहे, चार माणसं कामाला आहेत, जीएसटीचं रिटर्न स्वतः बसून भरतो. २६ जून २०२४ ला मुंबई पदवीधर मतदारसंघाचं मतदान होतं, मी सकाळीच जाऊन आलो, संध्याकाळी हा घरी आला तर बोटाची शाई बघून विचारतो, "दादा, लोकसभेचं तर मे महिन्यात झालं ना, मग हे कसलं?" मी सांगितलं, ग्रॅज्युएट लोकांचा वेगळा आमदार असतो, विधान परिषदेवर. तो म्हणाला, "म्हणजे तुला आमदार दोन आणि मला एक? का रे, मी टॅक्स अर्धा भरतो?" मी काहीतरी पुटपुटलो आणि चहा टाकायला उठलो.

उत्तर खरंच नव्हतं. मग म्हटलं जरा वाचून तरी बघू हे आलं कुठून. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर लोक होते १८ टक्के, तेव्हा शिकलेल्या माणसांचा आवाज सभागृहात वेगळा असावा असं कोणाला वाटलं असेल तर ते मी समजू शकतो. पण गंमत बघा, इंग्लंडात विद्यापीठांचे वेगळे खासदार असायचे, तिथल्या पदवीधरांना असंच जादा मत होतं, ते त्यांनी १९४८ च्या कायद्याने बंद करून टाकलं, आणि १९५० पासून लागू झालेल्या आपल्या संविधानात पदवीधरांच्या जागा आल्या त्या आजतागायत आहेत.

बरं, हे जादा मत सुखासुखी मिळतं असंही नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, सहा वर्षांपूर्वी नाव होतं म्हणून आता असेल असं नाही, परत फॉर्म १८ भरा, परत डिग्रीची कॉपी जोडा. माझी डिग्री माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली सापडली. एवढी कटकट कोण करणार, पक्षाची पोरं घरोघरी येऊन फॉर्म भरून घेतात तेवढ्यांचीच नोंदणी होते. सगळ्या मुंबईत मतदार एक कोटीच्या आसपास आणि पदवीधरांच्या यादीत जेमतेम सव्वा लाखाच्या घरात, या शहरात ग्रॅज्युएट एवढेच आहेत का? त्यात मतदान उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहून करायचं, तेही तिथेच दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने, बरोबरची खूण केली की मत बाद, आणि दरवेळी अशी मतं बाद होतात, तीही पदवीधरांची!

आणि सगळ्यावर कडी म्हणजे उमेदवार पदवीधर असायलाच पाहिजे असं काही नाही, सुप्रीम कोर्टाने १९७२ लाच ते स्पष्ट केलंय. म्हणजे मत द्यायला डिग्री पाहिजे, आमदार व्हायला नको. शिक्षक मतदारसंघाचं त्याहून वाईट, माध्यमिक आणि त्याच्या वरचे शिक्षकच मतदार, पोरांना अ आ ई शिकवणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना तिथे मतच नाही.

आपल्या परिषदेत ७८ जागा, त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ महापालिका-झेडपीवाले, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नेमतात. १२ जणांची कथा सगळ्यांना पाठ आहे. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातली माणसं घ्यायची असं संविधान म्हणतं, पूर्वी गदिमा होते, ना. धों. महानोर होते, आणि आता? नोव्हेंबर २०२० ला सरकारने पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली, २०२२ ला नव्या सरकारने ती मागे घेतली, शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ ला ७ जणांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. ५ जागा तेव्हाही रिकाम्याच. यादी आल्यापासून अमुक दिवसात हो किंवा नाही सांगायचं एवढी एक ओळ कायद्यात घालायला कोणाचं काय जातं?

नगरसेवकांच्या जागांचं पण तसंच. २०२१ च्या शेवटी मुंबई महापालिकेतून दोन आमदार बिनविरोध परिषदेवर गेले, मार्च २०२२ ला पालिकेची मुदतच संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासक. तेव्हा नगरसेवक एकही नव्हता पण त्यांचे प्रतिनिधी सभागृहात होते, पालिकेच्या पाण्याचं-गटाराचं गाऱ्हाणं घेऊन कोण कोणाकडे जाणार होतं देव जाणे. आणि आमदारांच्या ३० जागांचं मतदान गुप्त, राज्यसभेला २००३ पासून मत पक्षाच्या एजंटला दाखवावं लागतं तसं इथे नाही, मग घोडेबाजार होणारच, २० जून २०२२ ला मतं फुटली आणि त्याच रात्री आमदार सुरतच्या वाटेला लागले ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं.

एवढं असून बंद करा का म्हणत नाही? वि. स. पागे यांच्यामुळे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते परिषदेचे सभापती होते, रोजगार हमीची कल्पना त्यांची, दुष्काळात हजारो घरांची चूल त्यावर पेटली, १९७७ ला राज्याने कायदा केला आणि २००५ ला देशाने तेच उचललं. माथाड्यांचे अण्णासाहेब पाटीलही याच सभागृहात होते. नाहीतरी परिषद बिल फार तर चार महिने अडवू शकते, आधी तीन, विधानसभेने परत मंजूर केलं की मग एक, पैशाच्या बिलाला १४ दिवस. एवढ्याने सरकार काही अडत नाही, पण घाईत आणलेल्या बिलावर चार महिने चर्चा झाली तर बरंच की. शिवाय बंद करून परत चालू करायचा तमाशा आंध्राने केलाय, १९८५ ला बंद, २००७ ला चालू, २०२० ला परत बंदचा ठराव, २०२१ ला ठराव मागे.

म्हणून माझं म्हणणं असं की परिषद ठेवा पण पदवीधरांच्या ७ जागा आमच्याकडून काढून घ्या. त्या माथाडी, घरकाम करणाऱ्या बायका, बिगारी, रिक्षावाले अशा असंघटित लोकांना द्या, माथाड्यांची तर १९६९ च्या कायद्यापासून बोर्डात नोंद आहे, यादी करायला तिथून सुरुवात होईल. विधानसभेत यांची माणसं निवडून येणं किती अवघड ते सांगायला नको. आणि यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही, कलम १७१ मध्येच लिहिलंय की संसद दुसरा कायदा करत नाही तोवरच ही रचना, म्हणजे साधा कायदा पुरतो. फक्त तो करायची इच्छा पाहिजे, आणि ज्यांच्या सोयी तिथे लागतात त्यांनाच तो करायचाय, हे मलाही कळतं.

मुंबई पदवीधरची पुढची निवडणूक २०३० ला. फॉर्म १८ भरायचा नाही असं मी ठरवलं होतं, भावाला तसं सांगितलंही, तर तो म्हणतो, "वेडा आहेस का, भर. आणि आमच्या गाळ्यासमोरच्या रस्त्याचं त्या आमदाराला सांग."

– एक दोन मतंवाला, परळ