आई, गोळी मनाने कमी करू नकोस

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, डोकं आता दुखत नाही म्हणून स्टेरॉइडची गोळी अर्धी करायचं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. बाबा, हे पत्र औषधांच्या डब्यातच ठेवा.

मे महिन्यात दुखणं सुरू झालं तेव्हा सगळे ऊन लागलं म्हणत होते. नागपूरच्या उन्हात तसं वाटणारच. पण कंगवा लागला तरी कानशील ठणकायचं, भाकरी चावताना जबडा दुखून यायचा, थांबलीस की बरं वाटायचं. हे उन्हाचं नव्हतं. कानशिलाजवळची धमनी सुजली होती, त्याला जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. तो पन्नाशीनंतरच होतो, सत्तरीत जास्त, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सकाळी खांदे आखडायचे, तेही पुष्कळदा याच्याच जोडीने येतं.

मला भीती आहे ती डोळ्याची. धमनीला सूज आली की आतली वाट अरुंद होते. डोळ्यामागच्या नसेला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या अशा बंद झाल्या, तर नजर काही न दुखता जाते आणि सहसा परत येत नाही. उपचार नसेल तर काही दिवसांतच दुसरा डोळाही जाऊ शकतो. तुझ्या उजव्या डोळ्यापुढे अंधारी येऊन गेली, तो इशारा होता. म्हणूनच ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, वाढलेल्या बघून डॉक्टरांनी बायोप्सीआधीच, म्हणजे धमनीचा तुकडा तपासायच्या आधीच, त्याच संध्याकाळी स्टेरॉइड सुरू केलं. किती बरं केलं त्यांनी!

आई, डोकं थांबलंय ते गोळीमुळेच. डोस ६० मिलिग्रॅमवरून हळूहळू उतरवतात, त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. मध्येच कमी केलीस तर आजार उलटतो. शिवाय इतके दिवस बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब पडून जिवावर बेतू शकतं.

चेहरा सुजला म्हणून हळदीकुंकवाला जात नाहीस, रात्री झोप लागत नाही, साखर वाढली... सगळं कळतं गं मला. डोस उतरला की चेहरा पूर्ववत होईल. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घे. साखरेच्या औषधाचं आणि हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांशी बोलू. त्रास होतोय हे त्यांना जरूर सांग, पण डोस त्यांनाच ठरवू दे.

बाबा, पुन्हा अंधारी आली, एकाचे दोन दिसले किंवा जबडा दुखला, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका आणि सकाळची वाटही बघू नका. ऑटो करून थेट मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत जा. आधी आजाराचं नाव सांगा, मग फाइल दाखवा. मला फोन वाटेतून केला तरी चालेल.

पोळ्याला मी येतेच आहे. ईएसआरचा नवा रिपोर्ट आला की फोटो पाठवा.

तुमची,
ताई