ताईसाठी घेतलेली रंगपेटी

प्रिय बंड्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. हवं तेवढं रागव, पण पत्र पुरतं वाच. तब्येत बरी आहे.

कंपनीच्या कामासाठी प्रागला आलोय. रविवारी जुन्या चौकातल्या घड्याळापाशी गेलो. तासाचे टोले पडले की सगळे वरच्या बाहुल्या बघतात. मी खालच्या तबकडीपाशीच अडकलो. बारा महिन्यांची बारा गोल चित्रं, खेड्यातल्या माणसांची. डिसेंबरात डुक्कर कापतायत, तू तर डोळेच मिटले असतेस! ही योसेफ मानेसची चित्रं, १८६६ची. मूळ तबकडी संग्रहालयात आहे, घड्याळावर नक्कल.

मग त्याच्याबद्दल वाचत बसलो. जन्म १८२०चा. वडील आंतोनीन निसर्गचित्रकार, पुढे इथल्या कला अकादमीत प्राध्यापक. काका चित्रकार, धाकटा भाऊ क्विदो चित्रकार. योसेफ पंधराव्या वर्षी अकादमीत गेला. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण अमालिए. तिचाही हात चांगला, पण मुलगी म्हणून अकादमी बंद. ती घरीच वडिलांकडे शिकली. १८४३ साली वडील गेले, पुढच्या वर्षी योसेफ म्युनिकला. ती प्रागमध्ये राहिली, मुलींना चित्रकला शिकवत.

बंड्या, तिथेच पुस्तक मिटलं.

आपल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळी आठवतं? ओसरीवर ताई वर्तमानपत्र पसरून ब्लेडनं आपल्या पेन्सिली तासायची. तांब्याशेजारी वांगं ठेवून म्हणायची, "वांगं नंतर, आधी त्याची सावली बघा." तिला आपल्याआधी 'ए' मिळाली होती. नाना म्हणाले, पुढे चित्रकला शिकायला एकाच्याच फीचे पैसे आहेत. आणि मी गेलो. तिच्या लग्नात तू मांडवातच म्हणालास, "तुझी जागा तिची होती." दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. तुझं खरं होतं रे. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

इथून तिच्यासाठी जलरंगांची पेटी घेतलीय. चार दिवस टेबलावर पडून आहे. एवढ्या वर्षांनी दिली तर तिला बरं वाटेल, की जखमेची खपली निघेल? चाळीस वर्षांत "ताई, तू काढतेस का गं अजून?" एवढंही मी विचारलं नाही. तू तिच्याकडे जातोस. तिच्या घरात कुठे कागद, पेन्सिल दिसते का?

मिनूच्या बारावीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

चौदा तारखेला पोचतो. त्याआधी कळव. आणि ताईकडे जाताना तू बरोबर चल.

तुझा,
अन्या