पाऊण फेऱ्याची सायकल

तुलूझ, फ्रान्स,
28 सप्टेंबर

ती. आण्णा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आण्णांनी दोनच गोष्टी विचारल्या, किती किलोमीटर झाले आणि पंक्चर किती. आईने एकच, जेवलीस काय. मी तोंड उघडलं आणि रेंज गेली. म्हणून आता नीट लिहिते.

पंक्चर शून्य. किलोमीटर 190, पाच दिवसांत. हसू नका. फिजाक गावापासून काऑर शहरापर्यंत नुसतं नदीकाठाने गेलं तर ऐंशीच्या आसपास भरतं, आपली एसटी दोन तासांत सोडेल. पण मी कुठे सरळ जाणार!

तुलूझहून सायकल ट्रेनमध्ये घातली आणि फिजाकला उतरले. तिथून सेले नावाची लहानशी नदी निघते (म्हणजे निघते आधीच कुठूनतरी, मला तिथे भेटली), वळणं घेत खाली जाते आणि बुझिएस गावाजवळ लॉत या मोठ्या नदीत मिळते. लॉत सुमारे 480 किलोमीटरची, ती पुढे गारोनला मिळते. गारोन म्हणजे माझ्या घराजवळून वाहणारी, जिचा फोटो आईने देवघराशेजारी लावलाय ती. फिजाक हे शांपोल्यों या विद्वानाचं जन्मगाव. 1822 साली त्याने इजिप्तची चित्रलिपी सोडवली. गावात एका चौकात, ज्याच्या आधारे ती सोडवली त्या रोझेटा शिलालेखाची प्रचंड काळी प्रतिकृती जमिनीवर आडवी टाकली आहे आणि लोक तिच्यावरून चालतात. मला अक्षरांवर पाय द्यायला जड गेलं. कडेकडेने गेले.

आता आण्णांसाठी गिअर. आपल्या दुकानातल्या काळ्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. माझ्या सायकलीला पुढे तीन चक्रं आहेत, त्यातलं लहान 26 दात्यांचं, आणि मागचं सगळ्यात मोठं 34 चं. ती जोडी लावली की पायडलचा पूर्ण फेरा आणि चाकाचा जेमतेम पाऊण. वेग पायी चालणाऱ्या माणसाइतका, पण सोळा किलो सामान घेऊनसुद्धा चढाला खाली उतरावं लागत नाही. यामागे वेलोसिओ म्हणून एक माणूस आहे. खरं नाव पोल द विवी, सेंत-एतिएन शहरातला, 1853 ते 1930. सायकलीचं मासिक चालवायचा आणि चालत्या सायकलीवर गिअर बदलता आला पाहिजे म्हणून जन्मभर भांडला. टूर द फ्रान्स 1903 मध्ये सुरू झाली, पण त्या शर्यतीत डिरेलर (चालता चालता चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअर) वापरायला परवानगी मिळाली 1937 मध्ये! त्याचे सायकलवाल्यांसाठी काही नियम होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. आणि एक असा की, केवळ फुशारकीसाठी पायडल मारू नका. हा वाचल्यावर मला वरंध घाट आठवला, पैज लावून न उतरता चढलेला, आणि नंतरचे दोन दिवस आईने शेकलेले पाय.

इथले नकाशे तुम्हाला आवडतील. मिशलँ कंपनीच्या कागदी नकाशात रस्त्यावर बाणासारख्या खुणा असतात. एक बाण म्हणजे पाच ते नऊ टक्के चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा, तीन म्हणजे त्याच्याही वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. रस्त्याला हिरवी कड असली की तो देखणा समजायचा. मी हिरवी कड बघून रस्ता धरते आणि बाण मोजायला विसरते, हा माझा दोष.

कारण नदीकाठाने रस्ता सपाट असतो, पण बघण्यासारखं निम्मं वर असतं. दरीच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, आणि त्यावर कोरडं पठार, त्याला कॉस म्हणतात. पाऊस पडतो पण पाणी खडकातून खाली झिरपून जातं, त्यामुळे वर ओढा नाही की विहीर नाही. खुरटे ओक, नुसत्या दगडावर दगड रचलेले बांध, आणि मेंढ्या. या मेंढ्या सगळ्या पांढऱ्या आणि डोळ्यांभोवती मात्र काळं, चष्मा लावल्यासारखं. एक कळप रस्त्याच्या कडेला उभा राहून माझ्याकडे असा बघत होता की मला जोशी बाईंच्या गणिताच्या तासाची आठवण झाली.

मोडतोड झाली ती तिसऱ्या दिवशी. काब्रेरे गावातून वर पेश मेर्लच्या गुहेकडे चढत होते आणि मागच्या चाकातून टण्णकन आवाज आला. आण्णा, तुम्ही असता तर आवाजावरूनच सांगितलं असतं. स्पोक. चाक ब्रेकला घासायला लागलं. देवाची कृपा अशी की तुटला तो डाव्या बाजूचा. चेनच्या बाजूचा असता तर मागची सगळी चक्रं उतरवावी लागली असती आणि तेवढा पाना माझ्याकडे नव्हता. जादाचे दोन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवलेले होते. टायर न काढता जुन्याच निपलमध्ये, म्हणजे रिमकडच्या लहानशा नटात, नवा स्पोक फिरवला, सायकल उलटी केली आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले. तुम्ही खडू नखाला टेकवून धरता ना, तसा धरायला खडू कुठला? रस्त्याच्या कडेला पांढऱ्या चुनखडीचा एक खडा उचलला. तो रिमवर सुरेख उमटतो! उमटेल तिथे पलीकडचा स्पोक पाव फेरा आवळायचा, अलीकडचा पाव सोडायचा. ‘घाई केलीस तर अंडं होईल’ हे तुमचं वाक्य मी मराठीत मोठ्याने म्हटलं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गाडी थांबवून खाली उतरले. काही न बोलता दहा मिनिटं चाक बघत उभे राहिले, शेवटी मान हलवली आणि गेले. मला वाटतं पास झाले. अजून एक केसभर हलतंय, ते खोटं बोलत नाही.

मग तसेच ग्रीसचे हात घेऊन गुहेत गेले. नीट धुवायला पाणी नव्हतं. ही गुहा 1922 साली दोन किशोरवयीन मुलांनी शोधून काढली. दिवसाला सातशेच माणसं आत सोडतात, म्हणून आधी जागा ठरवावी लागते. आत एका भिंतीवर ठिपक्या-ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचे. एका घोड्याचं डोकं खडकाच्या नैसर्गिक आकारातच बसवलंय. आणि घोड्यांच्या अवतीभवती हात. हात भिंतीला टेकवून भोवती काळा रंग फुंकलेला, त्यामुळे रंगाच्या मधोमध रिकामा पंजा उरलेला. वाटाड्या बाई फ्रेंचमध्ये भराभर बोलत होत्या, मला निम्मं समजलं. मी आपले हात पाठीमागे लपवून उभी होते, कुणी म्हणायला नको की ह्या बाईनेच काहीतरी पुसलं.

आई, जेवणाचं. डब्यात मुगाची डाळ, तांदूळ, तुझा गोडा मसाला आणि मेतकूट होतं. रात्री तंबूसमोर खिचडी. सकाळी बेकरीचा लांब पाव आणि रोकामादूर नावाचं शेळीच्या दुधाचं चीज, लहान चकतीएवढं. सोमवारी मात्र हाल झाले. बरीच दुकानं बंद, आणि जी उघडी ती दुपारी बारा ते दोन बंद. पाण्याची एक युक्ती सांगते, ओरडू नकोस. इथे गावाच्या कब्रस्तानात फुलांना घालायला नळ असतो, आणि सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. नळावर ‘पिण्याचे नाही’ अशी पाटी नाही ना एवढं बघायचं. पहिल्या दिवशी मीही बिचकले. तिसऱ्या दिवशी गावात शिरले की आधी क्रूस शोधायचे.

रात्री चर्चची घंटा दहाचे दहा टोल देते आणि दोनेक मिनिटांनी परत दहा. आधी मला वाटलं घड्याळ बिघडलंय. पण शेतातल्या माणसाचा आकडा चुकला तर त्याला पुन्हा मोजता यावा म्हणून असं, म्हणतात.

बुझिएसच्या पुढे लॉतच्या काठाला कडा इतका नदीला चिकटलेला आहे की वाटच नव्हती. मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध दोराने ओढून न्यायला एकोणिसाव्या शतकात कड्याच्या पोटात वाट कोरली. डोक्यावर खडक, खाली पाणी. तिथे सायकल हातात धरून चालले. त्या वाटेच्या पुढे वर कड्याच्या टोकावर सें-सीर-लापोपी, नदीपासून शंभर मीटर उंच. पाऊण फेऱ्याच्या गिअरची खरी परीक्षा तिथे झाली. या गावात पूर्वी घरोघरी लेथ असायचे, आणि लाकडाच्या पिंपांना लागणाऱ्या लाकडी तोट्या ते कातायचे. आता तिथे आइस्क्रीम जास्त. पाचच्या पुढे बसगाड्या गेल्या की गाव बरं दिसतं.

काऑरचा पूल मात्र सगळ्यात शेवटी बघितला तेच बरं झालं. वालांत्रे पूल, 1308 मध्ये सुरू झाला आणि पुरा व्हायला सत्तर वर्षं लागली. तीन बुरूज. गोष्ट अशी की काम उरकेना म्हणून गवंड्याने सैतानाशी आत्म्याचा सौदा केला. गवंडी सांगेल ते प्रत्येक काम सैतानाने केलं तरच आत्मा त्याचा. शेवटी गवंड्याने त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. सैतान हरला, आणि रागाने मधल्या बुरुजाच्या कोपऱ्यातला दगड रोज रात्री पाडू लागला. 1879 च्या दुरुस्तीत तिथे खरोखरच दगड ओढणारा लहानसा सैतान कोरून बसवला. मान मोडेपर्यंत शोधला, सापडला.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं इकडे सायकल चालवायला या. आण्णा, तुम्ही म्हणाल माझे गुडघे. या डोंगराळ वाटेवर मी तुम्हाला नेणार नाही. तुलूझपासून गारोनच्या कालव्याच्या काठाने डांबरी सायकलवाट जाते, मोटारीला बंदी, चढ जवळजवळ नाहीच. कालवा 193 किलोमीटर, झाडांची सावली, आणि आजाँ शहरात 539 मीटर लांबीचा पूल, ज्याच्यावरून कालवा नदी ओलांडतो. म्हणजे वर होड्या, खाली नदी. आणि जिथे मोटारींचा रस्ता असेल तिथे गावाबाहेर सायकलवाल्यापासून दीड मीटर लांबून ओव्हरटेक करायचा कायदा आहे, बहुतेक जण पाळतात. आई बॅटरीच्या सायकलवर. तुम्ही तुमच्या हट्टावर.

दुकान आठ दिवस बंद राहिलं तर भोर काही थांबत नाही. पासपोर्टची मुदत संपायला किती महिने उरलेत ते कपाटातून काढून बघा आणि पहिल्या पानाचा फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी

ता. क. येताना तुमचा तो जुना निपलचा पाना आणा, पितळी मुठीचा. इथल्याने माझं बोट सोललंय.