दुसरी प्रत खरोखर तशीच आहे का?

महोदय,

छायाचित्रे आणि स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे यांची दुसरी प्रत बाह्य डिस्कवर ठेवावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. ती प्रत मूळ फोल्डरशी जुळते का, हे तपासण्याविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. फाइलींची संख्या जुळली की आपण निर्धास्त होतो. मीही तसाच फसलो, कारण नावे सगळी होती, पण एका उपफोल्डरातील काही स्कॅन आतून बिघडलेले होते.

वास्तविक युनिक्स या संगणक प्रणालीच्या १९७४ मधील पाचव्या आवृत्तीपासून चालत आलेल्या 'डिफ' या फरक दाखवणाऱ्या आज्ञेला 'आर' आणि 'क्यू' हे पर्याय जोडले, की ती प्रत्येक उपफोल्डरात उतरून कोणत्या फाइलींचा मजकूर वेगळा आहे आणि कोणत्या एकाच बाजूला आहेत, एवढेच सांगते. फाइलींची प्रत करणारी 'आरसिंक' ही आज्ञा एरवी केवळ आकार आणि बदलाची वेळ पाहते, त्यामुळे मजकूर पडताळायचा असल्यास तिला 'सी' हा पर्याय द्यावाच लागतो. सोबत 'एन' न दिल्यास ती तुलनेवर न थांबता फाइलींची प्रत करू लागते, हेही ध्यानात ठेवावे. विंडोजमधील 'रोबोकॉपी' या प्रत करणाऱ्या आज्ञेला 'एल' पर्याय दिल्यावर मिळणारी यादीसुद्धा आकार आणि वेळेवरच विसंबते.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत या आज्ञा उदाहरणांसह छापाव्यात, ही विनंती.

— एक वाचक, पुणे